तळ्यातले मासे
माझ्या सासऱ्यांना शिव्या खायची हौस होती, म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. सारं गाव त्यांना आबा म्हणून वाकायचं. मी मामंजी म्हणायची. पारावर बसले की ते म्हणत, ‘‘मला कुणी बोलत का न्हाई?’’ माणसं इकडंतिकडं बघत आणि पाऊसपाण्याचा विषय काढत.

झालं होतं असं. न्हावऱ्याजवळच्या आमच्या गावात दोरखंडासाठी ताग पिकायचा. वाख सुटावा म्हणून तो पाण्यात सडवायला सगळे गाड्या भरून भीमेवर नेत. साठ साल लागायच्या आधी एकदा मामंजींनी कंटाळा केला आणि सगळा ताग गावतळ्यात बुडवला. पाणी काळं पडलं, मासे पोटं वर करून तरंगले, बगळे फिरकेनात. त्या तळ्यावरच पोट असलेली सखू भोईण पोरांना घेऊन दौंडला रेल्वेचा कोळसा उचलायला गेली. जाताना मामंजींच्या पाया पडून गेली. तेव्हा त्यांची मान जी खाली गेली, ती वर झालीच नाही.

शेत मुलांवर टाकून ते तळ्यात उतरले. तागाची सडकी ताटं बाहेर ओढली, उन्हाळ्यात गाळ उपसला, म्हशींसाठी वेगळं डबकं खणलं. काठचं पाणकणीस मात्र कापू देत नसत; मासळी तिथंच अंडी घालते म्हणत. वडगाव रासाईहून घागरीत माशांची पिल्लं आणली, तेव्हा ती गुदमरू नयेत म्हणून गाडीत बसून सारी वाट हाताने पाणी हलवत आले. मला हसू आलं. तर म्हणाले, ‘‘हस पोरी. निदान तू तरी हस.’’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे बगळे आले, पाणकोंबड्या आल्या. गावानं सत्कार ठरवला. हार समोर येताच मामंजी उठून घरी आले. चारचौघांत शोभा केलीत म्हणून सासूबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. ते मुकाट ऐकत होते. तेवढंच त्यांना बरं वाटलं असावं.

मग मला सोबत घेऊन ते दौंडला गेले. सखूनं गुळाचा चहा केला. मामंजी खाली बघतच म्हणाले, ‘‘मासं झाल्यात. माघारी चल.’’

‘‘आबा, पोरगं इंजनावर लागलंय आता. जाळं बी इकून टाकलं.’’

‘‘मग मला बोल तरी.’’

‘‘तुमास्नी काय बोलू? मोठी माणसं तुम्ही.’’

मामंजी असेपर्यंत त्यांनी तळ्यात कुणाला गळ टाकू दिला नाही, पुढेही कुणी टाकला नाही. पाहुण्यांना गाव ती आबांची पुण्याई म्हणून दाखवतं. मला तिथं उभं राहवत नाही. ते मासे सखूचे होते, आणि न्यायला ती आलीच नाही.