मांडणीच्या मागच्या रांगेत

कढईत जवस तडतडायला लागला की आधी कानाला कळतं, मग नाकाला. सुरुवातीला एखादा दाणा उडतो, मग दोन-चार, आणि मग सगळी कढईच चुलीतल्या ओल्या लाकडासारखी बोलू लागते. हात उशिरा आवरला तर जवस करपतो, लवकर आवरला तर चटणी कच्ची लागते. त्या मधल्या क्षणात एक वास उठतो, तेलकट, खमंग, थोडा मातीसारखा. इतकी वर्षं झाली, त्या वासाचा मला कंटाळा आलेला नाही. उदबत्तीच्या वासाचा आला आहे, याचा नाही.

आमचं गाव पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथल्या एका पत्र्याच्या खोलीत आमचा बायकांचा गट जवसाची चटणी करतो, पाकिटांत भरतो आणि आसपासच्या दुकानांना देतो. मी चौथी शिकलेली. भाजणं माझ्याकडे, आणि किती भाजायचं हे ठरवणंही माझ्याकडे. चटणी कोणीही करील. अवघड आहे ते किती करायची हे. जवस दाण्यात असतो तोवर कोठीत निवांत पडून राहतो, त्याला घाई नसते. भाजून कुटला की त्याचं आयुष्य सुरू होतं, आणि सरायलाही त्याच दिवशी लागतं. ऊन चढलं, पत्रा तापला की चटणी माणसाहून लवकर म्हातारी होते. कमी केली तर दुकानदार दुसऱ्याची ठेवतो, जास्त केली तर खवट होते. मग नेमकी किती? देवानं तरी माणसं करताना हा हिशेब कुठे केला होता!

त्यात आमच्याकडे आणखी एक अडचण. थंडी पडली की लोकांच्या जिभेला जवस हवा होतो, आणि त्याच थंडीत कापूस फुटतो. गटातल्या निम्म्याहून जास्त बायका वेचणीला जातात. मागणी येते तेव्हा हात नसतात, आणि हात मोकळे होतात तेव्हा उन्हामुळे कोणाला जवस नको असतो. म्हणून दिवाळीच्या आधीच भरपूर भाजून मांडणी गच्च भरून ठेवायची, अशी आमची पद्धत होती. भरलेली मांडणी पाहिली की मला स्वस्थ वाटायचं. भरलेलं घर पाहून कोणाला वाटत नाही?

ही मांडणी वच्छलाच्या ताब्यात. वच्छला माझ्याहून थोडी लहान, पण गुडघ्यांनी पार गेलेली. वेचणीला जाणं तिला जमत नाही, कुटणंही नाही. दुकानांसाठी पाकिटं काढून खोक्यात लावून द्यायची एवढंच तिचं काम, आणि ते गेलं तर गावात तिला दुसरं कोणी देणार नाही. खोलीची किल्ली तिच्या कमरेला असते. ती किल्ली मिळाल्यापासून ती ताठ चालते, हे मी पाहिलेलं आहे.

मागच्या साली थंडी सरता सरता आर्वीच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानदाराचा फोन आला. त्याला नेहमीपेक्षा पुष्कळ माल हवा होता, तोही लगेच. आमच्या गटाची अध्यक्ष सुमन. तिनं मांडणीकडे पाहिलं, मी पाहिलं, आणि दोघींनी हो म्हणून टाकलं. मग पाकिटं खाली उतरवायला घेतली. पुढची रांग चांगली निघाली. मागच्या रांगा दिवाळीच्या आधीच्या! काहींची मुदत उलटून गेली होती, काहींची उलटायला आली होती. सुमननं एक पाकीट कापलं. ऑइलपेंटच्या जुन्या डब्यासारखा वास खोलीभर पसरला.

झालं होतं असं, की वेचणीच्या दिवसांत गावात उरलेल्या आम्ही दोघी-तिघी दर आठवड्याला थोडं थोडं भाजत होतो, आणि वच्छला तेच ताजं दुकानांना देत होती. आधीचं मागेच राहिलं. मांडणी भरलेली दिसते म्हणून मी त्याहून जास्त भाजत नव्हते, आणि जे दिसत होतं ते विकण्यासारखं नव्हतं.

"वच्छले, मागचा माल काऊन नाई काढला वं?" सुमन कडाडली.

"लोकायले जुनं कसं द्याचं?" वच्छला म्हणाली. "घरी पाहुना आला त ताजं त्याच्या ताटात वाढतो, जुनं आपन खातो. असंच करतो ना?"

"तो दुकानदार हाये, तुहा जवाई नाई!"

दोघी-तिघी हसल्या. वच्छला हसली नाही. सुमननं हात पुढे केला, "दे किल्ली." वच्छलानं कमरेची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली.

मी म्हटलं, "किल्लीचं मागून पाहू. आधी त्या मानसाले सांगा, तो वाट पाहून राह्यला."

एकजण हळूच म्हणाली, वरची तारखेची चिठ्ठी बदलली तर कोणाला कळतं? मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिच्यापुढून उचलून घेतला. तिनं मान खाली घातली. सुमननं फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"भाऊ, अर्धाच माल होते. बाकीचा जुना झाला, तो देत नाई."

पलीकडे एसटीचा भोंगा वाजला. मग तो म्हणाला, "मंग आजवर जुना दिला कोनाले?"

"कोनालेच नाई. आमची एक बाई हाये, ते ताजंच काढून देते."

तो मोठ्यानं हसला. "म्हनूनच! बाकीच्यायचं पाकीट मी तारीख पाहून ठेवतो, तुमचं न पाहता ठेवतो. गिऱ्हाईक वापस घेऊन येत नाई ना. अर्धा त अर्धा, पाठवा. अन् त्या बाईले म्हना, असंच चालू दे."

फोन बंद झाला. सुमननं किल्ली वच्छलाच्या ओटीत टाकली. "ठेव. पन पुढं जुनं निघालं त ते तुह्याच घरी धाडीन."

"धाड," वच्छला म्हणाली. "मी खाईन."

खवट झालेला माल आम्ही उकिरड्यात पुरला. नुकसान झालं ते झालं. मी आभार मानत फिरणारी बाई नाही, पण त्या सकाळचे मानते. आम्ही ज्याला चूक म्हणत होतो, त्याच चुकीनं आमचं नाव आर्वीत उभं केलं होतं, आणि हे आम्हाला परक्या माणसाच्या तोंडून कळावं! मग मी विचार केला. ताजंच द्यायचं असेल, तर जुनं उरू द्यायचंच कशाला? आता दिवाळीआधी आम्ही मांडणी नाही, कोठी भरतो. जवस दाण्यातच ठेवतो. आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर बायकांना वेचणीतून सुट्टी असते. त्या सकाळी सगळ्या जमतात, आणि आठवड्याला लागेल तेवढंच आम्ही भाजतो. मांडणी आता अर्धी रिकामी दिसते. सुरुवातीला ती पाहून मला धडधडायचं. आता नाही धडधडत. रिकामी जागा म्हणजे कमतरता, असं मला कोणी शिकवलं होतं कोण जाणे.

तरी एखाद-दुसरं पाकीट मागे राहतंच. मुदत सरायला आली की वच्छला ते गुपचूप घरी नेते.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेले होते. तिनं भाकरी टाकली. फळीवर नवं कोरं पाकीट होतं, त्याला तिनं हात लावला नाही. म्हणाली, "पोरीच्या सासरचे येऊन राह्यले उद्या, त्यायच्यासाठी हाये." मग डब्यामागून एक चुरगळलेलं पाकीट काढलं, कात्रीनं कापलं आणि आधी माझ्या ताटात वाढलं, मग स्वतःच्या.

"आपल्याले हे चालते," ती म्हणाली.

चटणीतलं तेल थोडं जड झालं होतं. मी आणखी एक भाकरी मागून घेतली.