तळहातांची आग

"अंडाशयाचा कॅन्सर परत आलाय. आणि त्यांचं हृदय अशक्त आहे," परळच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले. आईने पदर सारखा केला. पुढची दोन वाक्ये मला ऐकू आली नाहीत.

डॉक्सोरुबिसिन हे केमोचे नेहमीचे औषध तिच्या हृदयाला झेपणार नव्हते. लायपोसोमल प्रकार ठरला. यात तेच औषध चरबीच्या कणांत बंद करतात. कण केसापेक्षा शेकडो पटींनी बारीक. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, कण तिथे झिरपतात. हृदय बरेचसे वाचते. दर चार आठवड्यांनी एक सलाइन.

"हे बंद करावं लागलं, तर हातात फारसं काही उरत नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या सलाइननंतर बारा दिवसांनी तिचे तळहात लाल झाले.

लालबागला मसाल्याचा मोसम होता. गिरण्यांच्या संपात वडिलांची नोकरी सुटली, तेव्हापासून आई दुकानांसाठी मिरच्यांची देठे काढते. मी नको म्हटले होते.

"मिरचेची आग ती. दोन दिसांनी जातली," ती म्हणाली.

"दरवर्षीचं नाटक गो तुझं," शेजारच्या सुशीलामावशी हसल्या. "खोबरेल चोळ."

चार संध्याकाळी मीच चोळले, जोर लावून. पाचव्या दिवशी तिला कप धरता येईना. फोड आले होते.

"हँड-फूट सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. म्हणजे कण तळहात-तळपायांतही झिरपतात. उष्णतेने, घासण्याने अधिक. "चोळलं कोणी?"

"मी."

"हात बरे होईपर्यंत औषध थांबवतोय."

हे सारे हॉस्पिटलच्या कागदावर छापलेले होते. मी तो वाचला होता. लक्ष फक्त हृदयाच्या ओळींवर होते.

सलाइन दोन आठवडे पुढे गेले. गाठीला तेवढा वेळ मिळाला, हे मी आईला सांगितले नाही. रोज सकाळी तिचे हात उजेडात धरून पाहत होतो. कातडी सोलून निघत होती. पोटावर हात ठेवून ती झोपली की मला भीती वाटे.

पुढे गेलेल्या सलाइनच्या दिवशी डॉक्टरांनी दोन्ही तळहात बराच वेळ पाहिले.

"भविष्य बघतास काय, डॉक्टर?" आईने विचारले.

ते हसले नाहीत. "डोस कमी करू. पण आजच देऊ."

मी आईला दंडाला धरून उठवले.

हे औषध कुणाला चालू असेल, तर हातपायांची जळजळ त्याच दिवशी हॉस्पिटलला कळवा. जळजळीचे कारण आपल्याला पक्के ठाऊक आहे असे वाटले, तरीही.