हौसाआत्याचं उघडं यंत्र

हौसाआत्या गेली, हा निरोप मला शिरूरच्या एसटी स्टँडवर मिळाला. मी पत्रकं वाटत होतो, एसटीडी बूथवाल्याने हाक मारून सांगितलं. त्याला काही आठवडे झाले. रडू अजून आलेलं नाही, राग मात्र रोज येतो. कारण पुण्याच्या शोकसभेत तिच्या फोटोला हार घालणारे तेच होते, ज्यांनी तिचं यंत्र खोक्यात बंद केलं...

कासुर्डीत आत्याचा धनगर बायकांचा लोकरीचा गट होता. लोकर हाताने पिंजून बायकांच्या बोटांची सालटं निघत. आत्याने सणसवाडीच्या कारखान्यात फिटर असलेल्या भाच्याला हाताशी धरलं आणि सायकलच्या चाकावर पिंजायचं यंत्र उभं केलं. भांडगावच्या बायका ते बघून गेल्या, गावात तसंच एक जोडलं; त्यांनी त्याला खालून जाळी लावली, कुसळं आपोआप गळायला लागली. ती जाळी परत कासुर्डीला आली. "आत्या, उद्या कुणी हे पळवलं तर?" मी एकदा विचारलं. "आरं येड्या, शेजारीण इरजान मागाया आली तर न्हाई म्हंतो व्हय? दिल्यानं आपलं दही आटतंय का? फकस्त तिचं झ्याक लागलं, तर चमचाभर आपल्याकडं यावं."

मग पुण्याच्या एका संस्थेने जाळं बांधलं. गावोगावच्या गटांनी आपल्या युक्त्या खुल्या करायच्या, कारखान्यांनी हात द्यायचा. कल्पना चांगलीच होती, आजही म्हणतो. आत्याने भर सभेत यंत्राचा स्क्रू न् स्क्रू उलगडून दाखवला. वर्षभरात जाळ्यातल्याच एका कंपनीने तेच यंत्र बाजारात आणलं. जाळी काढलेली, वर पत्र्याचं खोकं, खोक्यावर पट्टी : 'उघडू नये'. भांडगावच्या बायकांना संस्थेने हेच यंत्र दिलं आणि जुनं मोडीत घालायला लावलं. आपल्याकडच्या लोकरीतली कुसळं आत अडकली, यंत्र ठप्प. कंपनीचा माणूस येईना. बायका पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या.

आत्या पाना घेऊन भांडगावला गेली. खोकं काढलं, जाळी बसवली, यंत्र फिरलं. संस्थेचे साहेब जीप घेऊन धावत आले.

"हौसाबाई, नियम मोडलात तुम्ही. हे डिझाइन आता कंपनीचं आहे."

"व्हय का सायेब? इरजान आमचं, दही तुमचं, आन् आता आमीच वाडगं घिऊन ताक मागाया यायचं?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. साहेबांनी कासुर्डीचा गट जाळ्यातून काढून टाकला. त्यानंतर आत्या गावोगाव उघडी यंत्रं जोडून देत फिरली. छातीत दुखायचं, तरी फिरली. तशीच एका गावाहून दौंडच्या दवाखान्यात नेली, ती परत आली नाही. आणि शोकसभेत साहेब म्हणतात, "हौसाबाई आमच्या जाळ्याचं भूषण होत्या." भूषण! हाकलून दिलेलं भूषण!

परवा कासुर्डीला गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र होतं तसंच, बिनझाकणाचं. शेजारी आत्याचा पाना दोरीने टांगलेला, दोरी लांब सोडलेली, कुणाचाही हात आतपर्यंत पोचावा म्हणून. भांडगावची एक बाई तोच पाना घेऊन यंत्रात वाकली होती. मांडीवर यंत्राला बसवायची नवी, बारीक दातांची फणी.

"काय आणलंत मावशी?"

तिने वर बघितलंही नाही. "चमचाभर," म्हणाली आणि नट आवळायला लागली.