म्हशीचं डावं शिंग

आधीच सांगून टाकतो, म्हैस झकास झाली. शाळेत येणारे अजून तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतात. मला मात्र तिच्या डाव्या शिंगाकडं बघवत नाही.

मी बेळगावात एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो, घर कंग्राळीला. ग्यादरिंगच्या आधी टाकाऊतून एखादं टिकाऊ जनावर अंगणात उभं करा, असं हेडमास्तरांनी सांगितलं. मोर, हत्ती काय सगळेच करतात. मी म्हैस धरली. पोटाला तेलाचं बॅरल, शेपटीला सायकलची चेन, डोळ्यांना जुनी बेअरिंगं. गाडी अडली शिंगांवर. भंगारात एक विळा मिळाला, वळण अगदी म्हशीचं, पण दात एकाच अंगाला पाडलेले. जोडीला बरोबर उलट्या दातांचा पाहिजे होता. असला विळा कोण करतंय? आणि नेमका तसलाच आमच्या गोठ्यात, आढ्याला खोचलेला सापडला.

तो कुणाच्या हातात चालायचा नाही. मी, बायको, गडी, सगळ्यांनी बघितलं होतं. भातावरनं नुसता घसरायचा. कामाचा न्हाय, असं घरात ठरून गेलेलं. एका रविवारी मी मूठ ठोकून काढली, पातं वेल्डिंगला नेलं, मूठ बंबात घातली.

तो का चालत नाही, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये? तो आक्काचा होता. माझी थोरली बहीण, डावखुरी. मला वेळेवर शाळेत जाता यावं म्हणून तिनं सातवीतच दप्तर ठेवलं आणि म्हशीच्या गवताचा भारा डोक्यावर घेतला. आप्पांनी लोहाराजवळ बसून तिच्यासाठी उलट्या दातांचा विळा करून घेतला, मूठ स्वतः तासली. आता आप्पा नाहीत आणि तो लोहारही नाही.

आक्का बेळगुंदीला दिलेली. पण सुगीला भात कापायला दरवर्षी हौसेनं माहेरी येते. गेल्या सुगीला आली, गोठ्यात गेली, आढ्याला हात घातला, आणि तेव्हा कुठं मला आठवलं, तो विळा कुणाचा ते. गड्यानं कुठंतरी टाकला असंल, म्हणालो मी. तोंड वर करून म्हणालो. तिनं सगळ्यांचा असतो तसला विळा डाव्या हातात घेतला आणि दुसऱ्याच ओळीला बोट कापून घेतलं. चिंधी बांधून दिवसभर कापत राहिली. गड्याला दोन शब्द ऐकवले, ते त्या बिचाऱ्यानं ऐकून घेतले. मी बांधावर उभा होतो.

मग ग्यादरिंग. भावानं केलेली म्हैस बघायला ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. म्हशीभोवती एक फेरी मारली, थांबली, डाव्या शिंगाच्या दातांवरनं अंगठा फिरवला. मी लगेच शिंगांची जोडी, वळण, कायबाय सांगायला लागलो. लाज वाटली की मला लई बोलायला येतं.

"ऱ्हाऊ दे रं. शोभतंय तिला," ती म्हणाली. "आप्पांनी केलेली मूठ तेवढी दे मला."

खरं सांगायची ती वेळ होती. शिव्या घातल्या असत्या तिनं, रडली असती, पण मिटलं असतं. मी म्हणालो, "हाय घरात. शोधून देतो."

त्या मुठीवर तापलेलं पाणी मी त्याच रविवारी डोक्यावरनं घेतलं होतं, चांगल्या दोन बादल्या.

आता सुगी परत तोंडावर आलीय. गोठ्यात बसून बाभळीचा तुकडा तासतोय, चहाच्या पाण्यात ठेवून जुना दिसेल असा करणार आहे. तिसऱ्यांदा खोटं बोलायची तयारी, दुसरं काय. पण मूठ जमत नाही. जाड होते, नाहीतर बारीक होते. वर्गात मुलांना हात काढायला शिकवतो, पण आक्काची मूठ केवढी आहे ते मला माहीत नाही.