वादळानंतरची धूळ
कुवेतमध्ये धुळीचं वादळ आलं, की दाराच्या फटीत कोंबलेल्या ओल्या टॉवेलचा मातकट वास घरभर पसरतो आणि मला चैन पडत नाही. मुलगी दुसरीत होती तेव्हा असंच एक वादळ ओसरलं, आभाळ लख्ख झालं, समोरच्या पाण्याच्या टाकीवरचे निळे पट्टे चमकायला लागले. स्कूलबसची वाट बघताना मी तिचा मास्क काढायला गेले, तर म्हणाली, "नको आई, डस्ट अजून आहे ना!" "कुठे गं?" "सगळीकडे. क्लासमध्ये बोर्डसमोर तर रोजच असते." आता ती दहावीत आहे, जाड चष्मा लावते. तरी वादळ ओसरलं, की मी तिला खिडकीशी ओढून विचारते, "पट्टे दिसतात?" ती "हो" म्हणते. मग मी विचारते, "किती?"