मोरीच्या वरचा मासा

वेंडेल हॉगन जन्मभर सिएटलमध्ये बस चालवून निवृत्त झाला, पण स्वस्थ बसणं त्याला जमलंच नाही. पानगळ लागली की रबरी बूट चढवायचे आणि घरासमोरच्या ओढ्याकाठी येरझाऱ्या घालायच्या. समुद्रातून अंडी घालायला परतणारे सॅमन मासे खालच्या शाळेमागून वर चढत, आणि वेंडेलच्या फाटकासमोर ओढ्यावर घातलेल्या मोरीशी अडत. तिचा पाइप पाण्यापासून हातभर उंच. मासे उड्या मारमारून पाइपावर डोकी आपटत. हा खिडकीतून ते बघे आणि ताट सरकवून देई.

यंदा उन्हाळ्यात माशांची वाट मोकळी व्हावी म्हणून त्याने ती मोरी फोडू दिली. तिच्यावरून गाडी आत यायची, ती वाटही गेली. राहिला एक पायपूल, आणि पावसात पिशव्या वाहणारी त्याची बायको लॉर्ना.

"मासे येतील," त्याने तिला शब्द दिला होता.

"नाही आले तर मला पाठुंगळी घेऊन पूल ओलांडायचा," ती म्हणाली.

नोव्हेंबर अर्धा सरला. मासे शाळेमागेच घुटमळत होते. तिथे वेंडेल इतर हौशी मंडळींबरोबर अंडी घालून मेलेले मासे मोजायचा. मोजलेल्याची शेपटी उडवायची, म्हणजे तोच पुन्हा मोजला जात नाही.

"काय रे, माशांना पत्ता कळवला नाहीस का?" शेजारच्या गसने विचारलं.

"कळवलाय. वाटेत तुझं घर लागतं, म्हणून बिचकत असतील."

बोलला खरा, पण त्या दिवशीही जेवण तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्ना अगदी सहज म्हणाली, "पुलाच्या वरच्या अंगाला काहीतरी पडलंय बघ."

वेंडेल एकाच पायात बूट घालून धावला. गोट्यांवर भलाथोरला सॅमन पडला होता. मेलेला, पण मोरीच्या जागेच्या वर. त्याने मासा उलटा केला.

शेपटी नव्हती. तिरका काप, डावखुऱ्याचा. काल शाळेमागे त्यानेच घातलेला.

लॉर्ना पुलावर उभी होती. कोटाच्या बाहीवर खवले चिकटलेले.

"आला ना एकदाचा? आता दोन घास खा."

"आला. बिनशेपटीचा पोहत आला, त्याचंच कौतुक वाटतंय."

ती बाहीवरचे खवले झटकू लागली. मग म्हणाली, "मला वाटलं शेपटी रॅकून-बिकून कुठल्या जनावराने खाल्ली असेल. जड होता रे मेला. दोनदा निसटला हातातून."

"पिशव्या कमी पडल्या होत्या का?"

"तू आठवडाभर धड जेवला नाहीस, वेंडेल."

तो तिच्याशेजारी कठड्याला टेकला, लगेच सरळ झाला, पुन्हा टेकला.

"एका जागी उभा राहा," ती म्हणाली. "नाहीतर पाठुंगळी..."

ती मध्येच थांबली. पुलाखालून प्रवाह कापत एक काळपट पाठ निघाली, गोट्यांवर घासली, पाणी उडवत वरच्या डोहात शिरली.

"याला शेपटी आहे," लॉर्ना हळूच म्हणाली.

वेंडेलने ऐकलंच नाही. तो कठड्यावरून ओणवा होऊन मागून दुसरा येतोय का ते बघत होता.