दोराला लागलेला हात

आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही, म्हणून या धाडसाबद्दल आधीच माफी मागतो.

वसतिगृहाची यादी त्या दिवशी लागणार होती. जागा मिळाली नाही तर माझं कॉलेज सुटणार होतं. घरात बसवेना, म्हणून बाबांबरोबर किनाऱ्यावर रापण ओढायला गेलो. समुद्रात सोडलेलं लांबलचक जाळं सगळ्यांनी मिळून दोरांनी वाळूवर खेचायचं. सुटीला आलेली एक बाई गंमत म्हणून धावत आली आणि रांगेत शेवटी उभी राहिली. तिनं दोर धरला तेव्हा जाळं काठाला लागलंच होतं.

बाबांनी तिच्यापुढे चार बांगडे ठेवले.

"अहो, फुकट कसे घेऊ? मी नुसता हात लावला."

"दोराक हात लागलो मा बाय? मगे वाटो घेवकच व्हयो," बाबा हसले. "उशिरान इलंस तरी."

मी खिशातला फोन चाचपला, पण बघायचा धीर होईना. शिक्षणाचा दोर मीही उशिराच धरला होता. आमच्या घरात त्याआधी कुणी धरलाच नव्हता. पण वसतिगृहाला बाबांचा नियम कुठून ठाऊक असणार?

तेवढ्यात फोन वाजला. मित्र ओरडत होता, "अरे, लागली यादी! नाव आहे तुझं. सगळ्यात खाली!"